आधी उचलून आणलं

मागच्या वर्षावासातल्या एका रविवारी भाजीवाल्याला सुटे पैसे द्यायला आईनं माझी पर्स उघडली आणि तिच्या हाताला काचेची कुपी लागली. मिलिलिटरभर औषध, पाण्यासारखं. प्रशिक्षणात दाखवायला मी जवळ ठेवते ती, मुदत संपलेली.

“हे काय होय वं?”

नालोक्सोन, मी म्हटलं. गर्द किंवा तसल्या गोळ्या जास्त झाल्या आणि माणसाचा श्वास थांबायला लागला की हे टोचतात. दोन-पाच मिनिटांत तो पुन्हा श्वास घेतो.

“अन् मंग?”

“मग जगतो.”

“जगते, अन् संध्याकाळी पुन्हा तेच घेते. अन् तू सकाळी विहारात पाचवं शील घेतं. कायले घेतं?”

भाजीवाला पैशांसाठी ताटकळत होता. आईनं चाळीस रुपये मोजून दिले, मेथीची जुडी उचलली आणि आत गेली. मी दारात तशीच उभी राहिले. सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते, चार लोकांसमोर या विषयावर बोलायची सवय आहे, पण नशेपासून दूर राहायच्या शीलाबद्दलच्या तिच्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर बरेच महिने मी तिला तुकड्या-तुकड्यानं उत्तर देते आहे. ती प्रत्येक तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहते आणि बहुतेक वेळा परत करते.

आमचं घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी भंते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा माझे आजोबा त्या गर्दीत होते. ते मैदान लस संस्थेजवळचं, वॅक्सिन इन्स्टिट्यूटचं. माझ्या पेशाच्या माणसाला ही गोष्ट उगीचच बरी वाटते. आजोबांनी त्या दिवसापासून दारूला हात लावला नाही. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, लावला. गिरणीतून पगार घेऊन निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत किती हलका व्हायचा, ते आईला पक्कं ठाऊक आहे. आमच्या वस्तीत दारू न पिणं हा काही सोवळेपणा नव्हता. पोराची फी वेळेवर भरली जाणं, बाईच्या अंगावर वळ नसणं, सावकाराच्या दारात उभं न राहणं, असा त्याचा अर्थ होता. दारू न पिण्याची सतरावी प्रतिज्ञा बायकांनी जितकी जपली तितकी पुरुषांनी जपली नाही, असं माझं मत आहे.

म्हणून परिषदांमध्ये ‘हानी कमी करणं’ हा शब्द फार सहज उच्चारला जातो तेव्हा मला जरा खटकतं. व्यसन सुटत नसेल तर निदान मरण टाळावं, आजार टाळावा, स्वच्छ सुई द्यावी, जिभेखाली ठेवायची गोळी द्यावी. हे सगळं मला पटतं आणि मी तेच काम करते. पण ज्या घरात व्यसन म्हणजे नुसतं नुकसानच होतं, त्या घराला हा शब्द शरण गेल्यासारखा ऐकू येतो. विदर्भात तर वाद कायम बंदी की परवाना एवढाच असतो. वर्ध्यात पन्नास वर्षं दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लावली आणि २०२१ ला उठवली. पिणारा माणूस रस्त्यात पडलेला असताना काय करायचं, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत येत नाही.

माझ्या कामापुरतं सांगते. अफूतून निघणाऱ्या किंवा अफूसारखं काम करणाऱ्या औषधांना आम्ही ओपिऑइड म्हणतो. गर्द, मॉर्फिन, खोकल्याच्या बाटलीतलं कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, सगळी एकाच कुळातली. नागपूरच्या पेपरांत बातम्या येतात त्या बहुधा एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, आणि गांजाच्या. त्या दोन्हींवर नालोक्सोनचा काही उपयोग नाही, दारूवरही नाही. लोकांना वाटतं तसा हा सर्व नशांवरचा उतारा नव्हे. पण गोळ्या आणि बाटल्या बातमी न होता विकल्या जातात. केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. या ७७ लाखांपैकी निम्म्याहून जास्त लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे.

ओपिऑइड मारतं कसं, ते आईला समजावताना मलाच नव्यानं समजलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूच्या देठाशी असलेलं केंद्र आपल्याला श्वास घ्यायला लावतं. ओपिऑइड तो इशाराच बधिर करतं. माणूस तडफडत नाही, गुदमरल्यासारखा हात मारत नाही. श्वास घ्यायचा असतो हेच त्याच्या शरीराला आठवत नाही. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या की हे विसरणं आणखी लवकर. जीभ मागे पडते, हवा घशात अडखळते आणि घोरल्यासारखा आवाज येतो.

तो आवाज माझ्या कामातला सगळ्यात वाईट आवाज. रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला एका पोरानं मला त्याच्या दोस्ताची रात्र सांगितली. दोस्त त्याच दिवशी जेलमधून सुटला होता. सुटल्याच्या आनंदात जुन्याच मापानं घेतलं. पण आत काही महिने काही मिळालं नव्हतं आणि शरीराची सोसायची ताकद उतरली होती. (अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरायचा धोका इतर लोकांच्या १२९ पट निघाला होता. त्या पोरानं तो अभ्यास वाचलेला नव्हता, पण ‘सुटलेल्याले पहिले आठ दिवस सांभाळा लागते’ हे त्याला माहीत होतं.) दोस्तांनी थापडा मारल्या, डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात मिठाचं पाणी आणि दूध घातलं. मग तो घोरायला लागला. “घोरत होता नं मॅडम. आम्ही म्हटलं, चला, झोपला.” सकाळी ओठ निळे होते.

“१०८ ला फोन का नाही लावला?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घेतला. फोन लावला की गाडीमागून पोलीस येतील ही त्याची भीती. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात नशा करणं हाच गुन्हा आहे, कलम २७. कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचाराला आलेल्याला खटल्यातून सूट आहे, पण मरणाऱ्या मित्रासाठी फोन लावणाऱ्याला नाही. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनं संरक्षण दिलं. गाडीखाली आलेल्याला उचलणारा चांगला माणूस, गर्दुल्ल्याला उचलणारा संशयित. अशा मृत्यूची नोंद पुढे कुठे जाते तेही सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत अतिमात्रेचे मृत्यू देशभरात वर्षाला काही शेकड्यांतच दिसतात, कारण अशा रात्रीचा दाखला बहुधा ‘हृदय बंद पडून’ असा लिहिला जातो. ते खोटंही नसतं. शेवटी सगळ्यांचंच हृदय बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज मात्र जगभरात ओपिऑइडच्या अतिमात्रेनं सुमारे सव्वा लाख मृत्यू असा आहे.

नालोक्सोन १९६१ चं. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टीन यांनी ते शोधलं. पुढे फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेनं गेला. अमेरिकेत आता ते नाकात मारायच्या फवाऱ्यातून, चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं. शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या साथीदारांनी ते नशा करणाऱ्यांच्याच हातात १९९६ पासून द्यायला सुरुवात केली होती, कारण पडलेल्या माणसाजवळ त्या क्षणी डॉक्टर नसतो, दोस्त असतो. आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं इंजेक्शन आहे, म्हणजे जिथे लोक पडतात तिथे नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, “हे झालं डाक्टरी. मी शीलाचं इचारलं.”

मग मी भिक्खूंच्या नियमांकडे, विनयपिटकाकडे, वळले. आई वाचत नाही, पण ऐकायला तिला फार आवडतं.

भिक्खूंना मद्य वर्ज्य करणारा नियम कसा झाला, त्याची कथा सागत थेरांची आहे. त्यांनी आंबतीर्थावरच्या एका भयंकर नागाला आपल्या तेजानं जिंकलं. कोसंबीच्या लोकांना मोठा आनंद झाला आणि घरोघर त्यांच्यासाठी मद्य काढलं गेलं. सागत घरोघर पीत गेले आणि नगराच्या वेशीत कोसळले. बुद्ध भिक्खूंसोबत तिथून निघाले होते. त्यांनी काय केलं? भिक्खूंना सांगितलं, सागताला उचला. आरामात आणून त्यांना बुद्धाकडे डोकं करून निजवलं. ते कुशी बदलून बुद्धाकडेच पाय करून झोपले. मग बुद्धानं भिक्खूंना विचारलं की हा पूर्वी माझा आदर करायचा ना, आणि नागाला जिंकणारा हा आता पाणसापाला तरी जिंकेल का. त्यानंतर नियम झाला. आधी उचललं, निजवलं, मग नियम. आणि नियमही कोणत्या वर्गातला? पाचित्तिय, म्हणजे दुसऱ्या भिक्खूसमोर कबूल केला की धुतला जाणारा दोष. संघातून कायमचं बाहेर काढणारे पाराजिक दोष चारच आहेत. मद्यपान त्यांत नाही. माणसाचा जीव घेणं मात्र आहे. हेच सागत पुढे अर्हत झाले.

दुसरी कथा मला याहून जवळची. पिलिंदवच्छ थेरांना वाताचा आजार होता. वैद्यांनी तेल उकळून द्यायला सांगितलं, त्यात मद्य घालायला सांगितलं. बुद्धानं परवानगी दिली. मग षड्वर्गीय भिक्खूंनी, जे विनयातल्या बहुतेक खोड्यांच्या मुळाशी असतात, तेलात भरपूर मद्य घातलं आणि पिऊन झिंगले. आता कोणतीही समिती काय करेल? परवानगी रद्द. बुद्धानं तसं केलं नाही. मद्याचा रंग, वास आणि चव लागणार नाही इतक्याच प्रमाणात घालावं, असं ठरवलं, आणि जास्त पडलेलं तेल अंगाला चोळायला ठेवलं. दुरुपयोग झाला म्हणून आजाऱ्याचं औषध काढून घेतलं नाही, माप ठरवून दिलं.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळी म्हणजे नेमकं हेच तेल. तीही ओपिऑइडच, पण तिचा परिणाम एका मर्यादेपलीकडे चढत नाही. रोज केंद्रावर यायचं, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बसायचं. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, लागत नाही, सुई सुटते, माणूस कामावर जातो. गोळी खिशात घालून बाहेर विकणारे षड्वर्गीय इथेही आहेतच, म्हणून तर समोर बसवून देतात. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर व्यसनाविरुद्ध आयुष्यभर गायलं. त्यांच्या नावाच्या आमच्या नागपुरातल्या कॅन्सर रुग्णालयाच्या वाटेनं जाते तेव्हा मनात येतं की कॅन्सरच्या वेदनेवरचं मॉर्फिनही अफूचंच लेकरू आहे. ते दुखणाऱ्या माणसापर्यंत सहज पोचावं म्हणून २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा बदलावा लागला. अफू चांगली की वाईट, या प्रश्नाचं उत्तर वॉर्डच्या दारातच बदलतं.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये अहिंसेबद्दल लिहिताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. तत्त्व माणसाला विचार करून वागायची मोकळीक देतं, नियम देत नाही, हा त्याचा आशय. ते दारूबद्दल नव्हतं आणि मी ते दारूवर ओढूनताणून लावत नाही. सतरावी प्रतिज्ञा सरळ आहे, तिच्यात पळवाट नाही आणि मला तशी पळवाट नकोही आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रतिज्ञेचं व्याकरण पाहा. बावीसच्या बावीस प्रतिज्ञांत करणारा ‘मी’ आहे. पंचशीलात प्रत्येक शिक्षापदाशेवटी ‘समादियामि’ येतं, मी ग्रहण करते. पालीत हे क्रियापद तिथे प्रथमपुरुषी एकवचनी आहे. ‘त्यानं घेऊ नये’ असं शील नाही. शील ही माझी मला लावलेली शिस्त आहे, शेजाऱ्याच्या श्वासावरची अट नव्हे. आणि तेराव्या प्रतिज्ञेत प्राणिमात्रांवर दया करायची आणि त्यांचं पालन करायचं म्हटलं आहे. तिथे ‘व्यसन नसलेल्या प्राणिमात्रांवर’ असं म्हटलेलं नाही.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सागत मोठा होता. नाग जिंकला होता त्यानं. म्हनून उचलला. नाल्यातल्याले कोन उचलते?”

याला माझ्याकडे उत्तर होतं. अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू होता. बुद्ध आणि आनंद तिथे गेले. बाकीचे तुझी शुश्रूषा का करत नाहीत, असं विचारल्यावर तो म्हणाला की मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवलं. मग बुद्धानं भिक्खूंना सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. निरुपयोगी माणूस, नाग न जिंकलेला.

आई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, जमलं.

“अन् त्याच्या बायकोले इचारलं का?”

“कुणाच्या?”

“ज्याले तू जगवतं त्याच्या.”

या प्रश्नाला विनयात कथा नाही, असली तर मला सापडलेली नाही. ज्या पोरांशी मी बोलते त्यांच्यातल्या काहींच्या घरी बायका आहेत, आया आहेत. एकीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वेळी नका आणू त्याला. ती दुष्ट नव्हती, दमली होती. मी माझ्या वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पुढे ते कोणत्याही अहवालात घातलं नाही. अहवालात त्यासाठी रकाना नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की ते घातलं असतं तर वाचणाऱ्यानं तिच्याबद्दल काय मत केलं असतं, ते मला माहीत आहे. वाचवण्याचा हक्क माझा, आणि वाचलेल्याला रोज सांभाळायचा भार तिचा. करुणेचा हिशोब असा दोन घरांत वाटला जात असेल, तर माझ्या वाट्याला स्वस्त बाजू आली आहे. मी त्यावर एवढंच म्हणू शकते की मेलेल्या माणसावर बायको रागावूही शकत नाही, सोडूही शकत नाही, आणि तो सुधारेल ही शक्यता त्याच्यासोबत जाते. पण हे मी तिला सांगायला गेले नाही. ते सांगायची माझी पात्रता नाही.

मी आईला उलटं विचारलं. बाबा पगाराच्या दिवशी चौकात पडायचे तेव्हा तू त्यांना उचलून आणायचीस ना? मी लहान होते, पण मला आठवतं. तू एका बाजूनं आणि पलीकडच्या काकू दुसऱ्या बाजूनं. तेव्हा त्यांनी सोडावी म्हणून थांबली होतीस का?

“लोक पाहून राह्यले होते म्हनून उचललं,” आई म्हणाली. “करुणा-बिरुणा काही नव्हती. शिव्या देत उचललं.”

चेतना म्हणजेच कर्म, असं धम्म सांगतो. मनात काय होतं त्याला मोल. त्या मापानं आईच्या त्या रात्रींत पुण्य किती, ते मला माहीत नाही. नालोक्सोनला मात्र टोचणाऱ्याच्या मनातलं काही कळत नाही. शिव्या देत टोचलं तरी ते तितक्याच मिनिटांत काम करतं. आणि त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, ओपिऑइडचा त्याहून जास्त टिकू शकतो. म्हणजे टोचून निघून जाता येत नाही, माणसाजवळ बसावं लागतं. ही अट मला धम्मापेक्षा औषधानं आधी शिकवली.

माहुरझरीच्या धम्म नाग विपश्यना केंद्रात मी एकदा दहा दिवस बसले होते. पहिले काही दिवस आनापान, आपल्याच श्वासाचं येणं-जाणं पाहायचं. माझं लक्ष सारखं शेजारणीच्या श्वासाकडे जायचं. मी तिचे मोजायचे, मिनिटाला चौदा, पंधरा. ठीक आहे. ती जिवंत आहे. आचार्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आपल्याकडे परत या. मी आले, पण पूर्ण नाही.

एका विहाराच्या समितीकडे मी सभागृह मागितलं होतं, अतिमात्रा ओळखायच्या प्रशिक्षणासाठी. ‘इथे नशेवाल्यांची भरती नको’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या विहारानं मागची खोली दिली. तिथे मी वंदनेनंतर वस्तीतल्या बायकांना शिकवते. तिथे वाटायला नालोक्सोन नसतं, मिळत नाही. एक सतरंजी असते. आई पहिल्यांदा आली ती माझा डबा घेऊन. एक बाई जमिनीवर निजायला लाजत होती, तेव्हा आईच सतरंजीवर आडवी झाली आणि म्हणाली, “घ्या, मी गर्दुल्ली. करा मले कुशीवर.” बायका हसल्या. मग एकेकीनं तिला वळवलं, वरचा गुडघा पुढे मोडून, हात गालाखाली देऊन, हनुवटी जरा वर. पाचव्या बाईनंतर आईला खरंच डुलकी लागली आणि ती घोरायला लागली, तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या.

तिनं आपला प्रश्न मागे घेतलेला नाही. दर पौर्णिमेला, पाचव्या शिक्षापदाला, ती डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहते.

तुमच्या घरी, गल्लीत, स्टेशनवर कुणी नशा करून घोरत असेल, हलवूनही उठत नसेल आणि ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला झोपू देऊ नका. १०८ लावा. श्वास थांबला असेल तर डोकं मागे झुकवून, नाक दाबून, तोंडानं श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि गाडी येईपर्यंत मोजत बसा.